पंचविसावा शब्द

बाबांनी चोवीस शब्द पोलादाच्या पट्टीवर ठोकले,
एकेक अक्षर, हातोडीनं,
त्रेलेवच्या सूतगिरणीतून निवृत्त होताना
खिशात घालून आणलेल्या ठशांनी.
शब्द इंग्रजी, आम्हां दोघांनाही न कळणारे.
आठव्या शब्दातला टी वाकडा उमटलाय.
त्या दिवशी वारा फार होता, ते म्हणाले,
जणू वारा शेडमध्ये शिरून मनगट धरतो.

बँकेवरचा विश्वास उडाला तो दोन हजार एकमध्ये.
शटर खाली, बाहेर आई पातेलं बडवत उभी,
आत आमचे पैसे,
आमचे असून आमचे नसलेले.
पातेल्याला तेव्हा पडलेला पोचा तसाच आहे.
त्यात मी बटाटे उकडते.

म्हणून बिटकॉइन. म्हणून अंगठ्याएवढं यंत्र, दोन बटणं,
आणि पट्टी पिठाच्या डब्यात.
"पट्टी गेली चोरीला तरी बेहत्तर,"
असं म्हणून ते कपाळावर बोट टेकवायचे,
"पंचविसावा इथं आहे."

मार्चमध्ये नेमकं तिथंच रक्त साकळलं.

आता खिडकीशी बसतात.
पॉप्लरच्या झाडांना "चमचा" म्हणतात, मला "मंगळवार".
येर्बाच्या चहाची नळी कशी धरायची
ते हाताला आठवतं, तोंडाला तिचं नाव नाही.

रात्री मी शब्द घालून बघते.
हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं
की हे यंत्र "चूक" म्हणतच नाही.
कुठलाही शब्द द्या, दार उघडतं.
ओदिलिया, आईचं नाव. दार उघडलं, आत शून्य.
त्रुको, आमचा मेलेला कुत्रा. शून्य.
नदीचं नाव, आधी मोठ्या अक्षरांत, मग लहान.
गिरणीतला हजेरी क्रमांक.
आईच्या त्या शिव्या, ज्या फक्त स्वयंपाकघरात चालायच्या.
प्रत्येक शब्दामागे एक घर,
झाडलेलं, चुना दिलेलं,
ज्यात कुणी कधी राहिलं नाही.
एव्हाना गाव वसलं असतं माझ्या चुकांचं.
दार तोंडावर आपटलं असतं तर बरं झालं असतं,
निदान त्या वाटेला पुन्हा गेले नसते.

माझं स्वतःचं नाव मी घालत नव्हते.
लाज वाटायची. उघडून आत काहीच नसलं तर?
ऑगस्टची थंडी, सिलिंडर संपत आलेला,
एकदाचं टाइप केलं: ग्रिसेल्दा.

आत बेचाळीस डॉलर.

तशीच कोट चढवून सकाळी अनिबालच्या दुकानात.
तो फोन दुरुस्त करतो, यातलं त्याला कळतं.
त्यानं तारीख बघितली, चष्मा वर सरकवला.
"पाच वर्षांपूर्वी एकदा भरलेत, मग हात नाही.
हा चोरांचा कप्पा, ग्रिसे.
एक पासफ्रेज खरी, एक दाखवायची.
गळ्याला सुरी लागली की दाखवायची ती सांगायची,
एवढेसे पैसे जाऊ द्यायचे,
खरी पोटात ठेवायची."

म्हणजे माझं नाव चोरांसाठी.

दोन दिवस मी त्यांना गोळ्या दिल्या, सूप दिलं,
बोलले नाही. त्यांच्या लक्षातही आलं नसेल,
किंवा आलं असेल आणि त्याला शब्द नसेल.

रविवारी दाढी करायला बसवलं.
टॉवेल, साबण, त्यांचाच जुना वस्तरा.
डावा गाल झाला. हनुवटी वर केली,
पातं गळ्याच्या घाटीपाशी टेकवलं,
आणि ते म्हणाले,
स्पष्ट, एकही अक्षर न सांडता,
"ग्रिसेल्दा."

मार्चनंतर पहिल्यांदा.

वस्तरा हातातच राहिला. बाहेर वारा होता.
सुरी लागल्यावर माणूस काय काढून देतो
आणि काय पोटात ठेवतो,
यातलं जवळचं कुठलं,
मला ठरवता येईना.
फेस वाळायला लागला त्यांच्या कानाशी.

उजवा गाल राहिला होता.
तो केला.