पाचपैकी

पैज आर्लोने लावली, कॉफीच्या मशीनपाशी,
सप्टेंबरच्या शेवटच्या रात्री:
महिनाभर रोज एक भुताचा सिनेमा,
रोज अर्धं पान परीक्षण, वहीत, शाईने.
हरलीस तर एक पेस्टी, मांस-बटाटा भरलेली, गरम.
चौथ्या रात्री हरशील, मार्लिस.
मी म्हटलं, बघू.

सतरा वर्षं मी कानाला हेडफोन लावून बसते
हॅनकॉकच्या कंट्रोल रूममध्ये.
बाहेर कालवा, कालव्यापलीकडे दिवे,
आणि तुम्ही नऊ-एक-एक फिरवलंत
की पहिला आवाज माझा.
भीती मी पाहिलेली नाही फारशी.
ऐकलेली आहे.

रात्र पहिली. तळघर, मेणबत्ती, पांढऱ्या झग्यातली बाई.
वहीत लिहिलं: किंकाळी फार गोल आहे.
खरी मध्येच तुटते, तिला कडा असतात.
पाचावर धारण काही बसली नाही.
पाचपैकी दोन.

सहावीला बाहुली.
सातवीला मी सूप ढवळत होते,
सूप जास्त आठवतं.
नववीला दीड. त्यातला अर्धा कुत्र्याला.

एक गोष्ट मात्र मनाला लागली.
दर सिनेमात तार कापलेली,
नाहीतर रेंज नाही,
नाहीतर फोन जिन्यावरून खाली, खाली, खाली.
अकरा सिनेमे झाले,
अजून एकानेही मला फोन केलेला नाही.

आणि केलाच तर बोलतात किती स्वच्छ!
बोबडी वळते म्हणतात ते काय उगीच?
माणूस घराचा नंबर विसरतो,
कुत्र्याचं नाव सांगतो.
एक आजोबा आधी माफी मागतात,
पोरी, एवढ्या रात्री तुला त्रास,
मग सांगतात की बायको जमिनीवर आहे.
पार्श्वसंगीत म्हणून फ्रिजची घरघर.
हे कुणी दाखवत नाही.

चौदा, पंधरा: डबल ड्यूटी. पाहिले नाहीत.
रविवारी तीन सलग पाहून भरपाई केली,
त्यामुळे एकाचा राक्षस दुसऱ्याच्या तळ्यात बुडतो.
परीक्षणातही तसंच लिहिलंय.

एकोणिसावी.
पोर कपाटात लपतं.
दाराखालच्या फटीतून बूट दिसतात.
मी थांबवला.

फेब्रुवारी, पहाटेचे दोन चाळीस.
तोही कपाटात होता. कुजबुजत होता.
मी विचारलं, तुझ्यासमोर काय आहे?
कोट.
कोटांना बटणं आहेत? मोज. मला ऐकू येईल इतकंच.
एक, म्हणाला. दोन.
सतरावर अडखळायचा, पुन्हा एकपासून.
मी दुसऱ्या हाताने गाडी पाठवत होते,
तोंडाने म्हणत होते, छान, पुढे.
मग दार उघडलं. एक मोठा आवाज, आमच्या माणसाचा,
आणि खट्.

पुढे काय झालं ते आम्हाला कुणी सांगत नाही.
आमचे सिनेमे शेवटाआधी बंद पडतात.

एकोणीस: जागा कोरी.

विसाव्यापासून मार्क देताना हात सैल सुटला.
रबरी दातांना साडेतीन. धुक्याला चार.
एका भुताला नुसतं लिहिलं:
बिचारं. किती जोर लावतंय.

एकतीस. सकाळपासून भुरभुर बर्फ.
इथली पोरं चेटकिणी होतात त्या जाड जाकिटांवरून,
एक सांगाडा तर हातमोजे घालून आला.
सिनेमा लावून ठेवला होता, घंटा वाजत राहिली.
साडेसातला एक ड्रॅगन आला,
शेपटीवर कुणा मोठ्या माणसाचा कोट.
फाटकाशी बाई, हातात विजेरी.
टोपलीतून त्याने चॉकलेटं घेतली, मोजत,
ओठांतल्या ओठांत:
एक. दोन.

चुकतही असेन.
कुजबुज सगळ्यांची सारखीच असते.
म्हटलं, आणखी घे. मूठभर घे.
तो पायऱ्या उतरला, मोजतच,
आणि मी दारात उभी, थंडी आत येऊ देत,
सतरा ऐकायला.
अंधारात नीट ऐकू आलं नाही,
पण विजेरी थांबली नाही, पुढे गेली, वळली.

वहीत शेवटची नोंद:
पाहिला नाही. दार वाजत होतं.
आर्लोला एक पेस्टी देणं लागते.