व्हॉल्व्ह नंबर सात

खराडीत, तळघराच्या खालच्या तळघरात,
जिथे मोबाईलला रेंज नाही आणि पहाटेला खिडकी नाही,
मी रात्रपाळीत एक अख्खी इमारत
एका पडद्यावर सांभाळते.
चौदा मजले, हजारभर ठिपके.
हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे बघू,
लाल म्हणजे आत्तारचाचांना उठवा.

चाचा पडदा बघत नाहीत.
पंपाच्या पाठीला स्क्रू-ड्रायव्हर टेकवतात,
त्याची मूठ कानाला लावतात
आणि डोळे मिटून सांगतात,
"बेअरिंग कण्हतंय. गुरुवारपर्यंत काढेल."
बुधवारी रात्रीच ते जातं.
"एका दिवसानं चुकलो," म्हणतात,
आणि दिवसभर कुणाशी बोलत नाहीत.

मार्चमध्ये नवी यंत्रणा आली.
बालेवाडीची दोन पोरं, पाठीला सॅक,
पाली बसायच्या त्या जागी सेन्सर चिकटवून गेली.
आता कुठल्या खोलीत किती श्वास कोंडलेत ते मला दिसतं.
अकराव्यावर मीटिंग लांबली की आकडा चढतो
आणि कुणी न सांगता
ताजी हवा वर जायला निघते.
माणूस उठून गेला की दिवा
आपणहून मान टाकतो.
आईला हे सांगितलं तर म्हणाली,
"हे काम तुझे बाबा करायचे. ओरडत, पण फुकट."

एप्रिलात, रात्री दोन चाळीसला, एक ओळ उमटली:
सहावा मजला, पश्चिम बाजू, व्हॉल्व्ह नंबर सात.
बंद दाखवतोय, तरी वाहतोय.
रिकाम्या खुर्च्यांना गारवा,
रोज दोनशे दहा युनिट.
शोधायला लागलेला वेळ: चार मिनिटं.

सकाळी देऊसकरसाहेबांनी बाकरवडी वाटली.
लॉबीतल्या फलकावर हिरव्या अक्षरांत
वाचलेला कार्बन, आणि तो म्हणजे किती झाडं, तेही.
"कुठायत ती?" चाचांनी विचारलं.
खरंच विचारलं.
कुणी हसलं, कुणी बाकरवडी पुढे केली.

चहाच्या वेळेला ते रजिस्टर घेऊन आले.
लाल कापडाची पाठ, कोपरे ऑईलनं काळे.
पान शोधावं लागलं नाही, बोट तिथेच पडलं.
चौदा जून, दोन हजार सोळा:
"व्हॉ. ७ पूर्ण बसत नाही. सीट झिजली आहे."
अठराच्या जानेवारीत: "व्हॉ. ७ तसाच. कळवले."
एकोणीस: "कळवले."
एकवीस: "कळवले," अक्षर बारीक झालेलं.
पुढे नुसतं "७",
जसं घरातल्या आजारी माणसाबद्दल
कुणी विचारेनासं झाल्यावर आपणही
थोडक्यातच सांगतो.
शेजारच्या रकान्यात दर महिन्याला
कुणाची ना कुणाची झोकदार सही.

मी दोनशे दहाला दिवसांनी गुणलं, मग वर्षांनी.
उत्तर कॅल्क्युलेटरात मावलं.
चहा मात्र गिळवेना.

"मशीनचं ऐकतात," चाचा म्हणाले.
"बरं झालं. कुणाचं तरी ऐकतात."
यात टोमणा होता का, मी अजून ठरवलेलं नाही.

भोसरीहून नवा व्हॉल्व्ह आला, त्यांनीच बसवला.
मांडीला हात पुसून स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, ऐकलं,
आणि वॉकी-टॉकीवर म्हणाले, "गप्प आहे."
खाली माझ्या पडद्यावर
ठिपका त्याच्यानंतर हिरवा झाला.
दोन सेकंदांनी. मी मोजले.

माझ्या हातात फार काही नसतं.
ठिपक्यांना नावं द्यायची तेवढी मुभा आहे.
मी टाईप केलं: आत्तार सात.
यंत्रणेला देवनागरी चालेना,
मग रोमन लिपीत घातलं, तेव्हा तिनं मुकाट्यानं घेतलं.
परवा पिवळं झालं: आत्तार सात, तपासणी बाकी.
चाचा जिना चढताना पुटपुटले,
"आता माझीच तपासणी."
नुसती वायर सैल होती.

ते अजून रजिस्टर लिहितात.
काल रात्रीची नोंद: "व्हॉ. ७ बसला आहे. आवाज नाही."
वही माझ्यापुढे सरकवून पेन ठेवलं.
मी आधी वाचलं,
मग मागचं पान, मग त्याच्या मागचं.
सही व्हायला सकाळ झाली.