पाइनचं बोंड

प्लास हेलिगमध्ये खुर्च्यांवर पाटी नाही.
वेल्समधल्या आमच्या या टेकडीवर
'बसू नका' म्हणणं टेगवेनला उद्धट वाटतं.
ती प्रत्येक आसनावर पाइनचं एक बोंड ठेवते,
बागेतलंच, वाळलेलं, खवल्याखवल्यांचं.
माणसं बघतात, समजतात, पुढे सरकतात.

नोव्हेंबरात घर मिटतं.
मी घोड्याच्या केसांच्या ब्रशनं पुस्तकं झाडतो,
कण्याकडून बाहेर, श्वास रोखून.
दिवसाला हातभर फळी, वर्षाला एक भिंत.
भिंती चार. माझं वय एकाहत्तर.

पडद्यांचा निळा फक्त चुण्यांच्या आत उरलाय.
उजेडाचा हिशेब टेगवेन वहीत मांडते,
कुठल्या खिडकीतून किती तास,
जणू उधारीवर आणलाय.

शेवटच्या रविवारी इडवाल नावाचा म्हातारा आला.
त्याची आई चौदाव्या वर्षापासून इथल्या शेगड्या घासायची.
"ती कुठे बसायची?"

आम्ही यादी चाळली.
खुर्च्या सव्वीस. चांदीचे चमचेसुद्धा एकेक मोजलेले.
टेगवेन काही न बोलता त्याला
मागच्या जिन्याकडे घेऊन गेली.
तिसरी पायरी, मधोमध खोलगट.
तिथे बोंड नव्हतं. कधी कुणी ठेवलंच नव्हतं.
तो बसला. बराच वेळ.
बंद करायची वेळ टळून गेली.

तो गेल्यावर तिनं खिशातून एक बोंड काढलं,
पायरीवर ठेवलं,
परत उचललं.
मग यादीच्या तळाशी लिहिलं:
पायरी, तिसरी. साधं लाकूड.
झीज: बसून.
दुरुस्त करू नये.