नमुन्याचं घर

सांवेर रोडला, दोन गोदामांच्या मधे,
सिमेंटच्या ठोकळ्यांवर ते उभं आहे.
खाली नुसती सावली, आणि सावलीत
एक कुत्री, पाच पिल्लं.

एकतीस वर्षं मी वजनमापे खात्यात काढली.
सियागंजातले किलो, सराफ्यातले तराजू,
पेट्रोलपंपाचं पाच लिटरचं माप,
सगळ्यांवर माझा ठसा.
म्हणून आधी टेप काढला.
कागदावर बत्तीस फूट. टेपवर बत्तीस फूट चार इंच.
जास्त देणारा माणूस
नोकरीत मला एकही भेटला नव्हता.

राठौर सांगत होता, काका, पंचेचाळीस दिवसांत घर.
मिस्त्री नको, सळया नकोत, रेतीचा ट्रक नको.
आणि उद्या मन बदललं, तर नट खोला,
ट्रेलरवर चढवा, कुठंही न्या.
"कुठं न्यायचंय?" मंदाकिनीनं विचारलं.
याचं उत्तर त्याच्या पुस्तिकेत छापलेलं नव्हतं.

तिनं बोटानं भिंत वाजवली,
मग दुसरी, मग न्हाणीघराची.
"सगळीकडे सारखीच आहे," म्हणाली.
ही तारीफ की तक्रार,
छत्तीस वर्षांनंतरही मला ओळखता येत नाही.

बँकेचा साहेब म्हणतो, हे घर नाही, सामान आहे,
सामानाला घराचं कर्ज नसतं.
खुडेलचा आमचा प्लॉट, तीस बाय पन्नास,
त्यावर अकरा वर्षं बाभळी राहतात
भाडं न देता.
आम्ही रामबागेत राहतो, देऊन.

मग तिनं ओट्याखालचं कपाट उघडलं
आणि आत डबे निघाले. खरे.
एकात मक्याचं पीठ, एकात मीठ,
एकात लाल मिरच्या, देठांसकट.
राठौर खाकरला. चौकीदाराचं आहे, काका,
रात्रीपुरते झोपतात.

चौकीदाराची बायको झमकू
दारामागून पुढे आली, कडेवर पोर.
मंदाकिनी तिथंच फरशीवर बसली,
राठौरकडे पाठ करून.
"तू सांग."

दुपारी दोनला तवा, झमकू म्हणाली.
रात्री दहाला माठ.
पाऊस आला की नवऱ्याला ओरडून बोलवावं लागतं,
तसं एरवीही ओरडूनच बोलवते.
गेल्या जेठात आंधी आली तेव्हा हललं थोडं.
पोर उठलं नाही.
खिळा ठोकायची मनाई आहे, म्हणून
झोळी पडद्याच्या दांडीला.

दांडी मधोमध वाकली आहे.
मी मोजलं: दीड वर्षात सव्वा सेंटीमीटर.

हेच घेतलंत, राठौर म्हणाला,
तर एक लाख साठ हजार कमी. नमुना म्हणून.
मी मनातल्या मनात तेवढ्यात
पाण्याची टाकी बसवली, कुंपण घातलं,
बाभळी तोडल्या. एक ठेवली.

"आणि ही?" मंदाकिनी.
नवा नमुना येणारच आहे, महिन्याभरात.
"महिनाभर ही कुठं?"
राठौरचा मोबाइल वाजला नव्हता,
तरी तो उचलून बाहेर गेला.

झमकूनं आम्हाला चहा दिला, काळा, फार गोड.
कप ठेवायला जागा शोधली
आणि मग आपल्याच घरात पाहुणी असल्यासारखी
उभी राहिली.
की आम्ही तसे बसलो होतो?

निघताना दारावरची पट्टी वाचली:
अनुक्रमांक, महिना, साल.
चांगला ठसा. कडा स्वच्छ.
असा ठसा मी रोखला नसता.

स्कूटरवर ती मरीमाता चौराह्यापर्यंत गप्प होती.
मग माझ्या कानाशी म्हणाली,
"दांडी बदलायची नाही हं."
घेतलं तर, म्हणाली, की घेतल्यावर,
मागून डंपर येत होता, नीट ऐकू आलं नाही.
पुढच्या सिग्नलला विचारू म्हटलं.

पुढचे तिन्ही हिरवे होते.