अर्थिंग

खोकं यायच्या आधी खड्डा आला.
वडिलांनी न्हाणीमागे, नळाच्या ओलीत,
सुट्टीचा अख्खा दिवस घालून कंबरभर खणला.
तांब्याची पट्टी, कोळसा, खडेमीठ, पुन्हा कोळसा,
लोणचं मुरवावं तसे थर.
"तुझ्या यंत्रातलं मला कळत नाही, भो," म्हणाले,
"पण करंटला आधी जमिनीत जायची वाट पाहिजे.
एकतीस वर्षं लोको शेडमध्ये एवढंच शिकलो."

माझ्याकडे सव्वीस हजार चारशे.
त्यातले बारा आईच्या भिशीचे.
तिला सांगितलं होतं, क्लासच्या कामाला.
उरलेले सावद्याचे,
दोन हंगाम केळीच्या गाड्यांच्या पावत्या टाइप केल्या त्याचे.
यादीही तसल्याच एका पावतीच्या पाठीवर लिहिली:
पुढून भाव, फरक, दांडा वजा,
मागून प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी.
रोज रात्री काहीतरी वजा व्हायचं.
सोळाची रॅम आठ झाली.
रंगीत दिवे गेले, मग काच गेली,
शेवटी कॅबिनेटच गेलं,
आणि बुडालेल्या पतसंस्थेच्या लिलावातलं
एक करडं धूड तीनशे रुपयांत घरी आलं.
कुशीवर पांढऱ्या रंगात: मालमत्ता क्र. ११४.
मंदामावशीची ठेव त्याच पतसंस्थेत होती.
तिनं त्यावरून हात फिरवला.
"चला," म्हणाली, "एवढं तरी परत मिळालं."

एका गोष्टीत मात्र काटकसर केली नाही,
पॉवर सप्लाय नवाकोरा, बिलासकट.
तिथे वडील आडवे पडले होते.

ग्राफिक्स कार्ड अस्लम पिंजारीकडून,
जामनेर रोडला, कॅफेचं शटर अर्धं ओढलेलं,
आत खुर्च्या एकीवर एक.
"मायनिंगचं नाही हे," तो म्हणाला,
"यावर फक्त दहावीची पोरं मेली.
दिवसाला पन्नासदा मरायची,
आणि तासाला वीस रुपये मोजून परत उठायची."
पंख्यातली धूळ त्यानं दाढीच्या ब्रशनं झाडली.
चार हजार सांगितले, साडेतीन घेतले,
आणि मी निघालो तेव्हा कार्डाकडे बघितलं नाही.

जोडायला बसलो रात्री,
दिवसा पत्र्याखाली स्क्रूही हातात धरवत नव्हता.
दर वेळी आधी नळाला हात लावायचा,
अंगातली वीज तिथे ठेवून यायची.
पेस्ट मसुरीच्या दाण्याएवढी.
बटण दाबलं.
पंखे फिरले. पडदा काळा.
दुसऱ्या रात्री काळा.
तिसऱ्या रात्री मी पावतीची पाठ पुन्हा वाचत बसलो,
जणू एखादा आकडा माझ्याशी खोटं बोलला होता.

वडील सेकंड शिफ्टहून आले, डबाही न ठेवता वाकले.
"हे बसवताना आवाज आला का?"
कसला?
"कपलिंग लागल्यावर येतो तो.
डबा नुसता टेकला म्हणजे जोडला असं नसतं."
ग्रीसच्या अंगठ्यानं रॅमची पट्टी दाबली.
टक.

पडद्यावर आधी बर्फ आला.
बाहेर रात्री दहाला सदतीस,
प्रोसेसर एक्क्याण्णव,
आणि माझा माणूस गुडघाभर बर्फात अडखळत चाललेला,
अडखळणं अर्धं त्याचं, अर्धं आठच्या रॅमचं.
आई दारात येऊन उभी.
"कुठलं गाव हे?"
असं गाव नाही कुठे.
"क्लासचं काम का?"
अर्धं, मी म्हणालो.
ती काही बोलली नाही.
आमच्या तिघांच्या अंगावरचा कूलर सरकवत सरकवत
तिनं एकशे चौदाकडे वळवला,
टाकीत दोन बादल्या ओतल्या
आणि तो माणूस डोंगर चढतो का ते बघत
उंबऱ्यावर बसली.

सकाळी वडील न्हाणीमागे जातात.
खड्ड्यात तांब्याभर पाणी,
मीठ कोरडं पडू नये म्हणून.
कुंपणापलीकडून बोरोलेकाका विचारतात,
"काय लावलं हो?
आठ दिवस झाले, कोंब तर दिसत नाही."
वडील तांब्या उपडा करून झटकतात.
"नाही येणार वर," म्हणतात,
"खालीच जायचंय त्याला."