आठ हजार तीनशे बारा

मिल्नबाई निवृत्त झाल्या त्या संध्याकाळी
वरच्या दालनात भाषणं झाली.
कुणी निबंध मोजले, कुणी विद्यार्थी.
मला कुणी विचारलं नाही, पण मोजदाद माझ्याकडेही होती:
आठ हजार तीनशे बारा.
एवढ्या क्वार्ट्झच्या नळ्या मी त्यांच्यासाठी बंद केल्या
तळघरात, ज्योतीसमोर, काळा चष्मा लावून.

रीत ठरलेली. त्या जिना उतरून यायच्या,
मुठीत नळी, तळाला चिमूटभर भुकटी,
विटकरी नाहीतर राखाडी,
आणि म्हणायच्या, "डॉड, हिची मान आवळ."
मी आतली हवा ओढून घ्यायचो, मान आवळायचो.
मग भट्टी. अकराशे अंश. तीन आठवडे.
घाई केली की भुकटीची भुकटीच राहते,
हे त्यांचं म्हणणं. माझ्या बायकोचंही, पण ते लापशीबद्दल.

त्यांचे वडील ग्रॅनाइट घडवायचे.
आमचं अ‍ॅबर्डीन अख्खं त्याच दगडाचं:
बँका, चर्च, गुत्ते, थडगी.
ऊन पडलं की भिंतींतला अभ्रक चमकतो
आणि करडं गाव क्षणभर श्रीमंत दिसतं.
"बाबा टिचकी मारून सांगायचे दगड कुठे फुटेल ते."
एवढंच एकदा बोलल्या. आणि हे, की
छातीत धूळ साठून ते गेले,
आणि ती एक्स-रेची फिल्म
एकोणिसाव्या वर्षी त्यांनीच खिडकीच्या उजेडात धरली होती.
पुढे जन्मभर तेच.
फिल्म, उजेड, ठिपके.

ठिपके मी पाहिलेत.
अंधारात कुणी मोहरी उधळावी, पण मोजून-मापून.
कोणता किती काळा, ते पट्टीशी ताडून नुसत्या डोळ्यांनी ठरवायचं.
चार हजार ठिपके, एक हिवाळा.
साडेतीनला इथे दिवस मावळतो;
त्यांच्या ते ध्यानात यायचं नाही.

चौऱ्याहत्तर साली बेरियम-नायोबियमचं एक घर त्यांनी मांडून दाखवलं,
कोणता अणू कुठे राहतो, शेजारी कोण, किती अंतरावर.
वाहवा झाली. मग उप्सालाहून पत्र आलं,
अदबीनं लिहिलेलं, म्हणून जास्त लागणारं:
आपण जिथे ऑक्सिजन बसवला आहे
तिथे बहुधा कुणीच नाही.

बाई खाली आल्या. माझ्या स्टुलावर बसल्या.
बराच वेळ ज्योतीकडे पाहत राहिल्या, चष्म्याशिवाय;
मी रागावलो तेव्हा उठल्या.
"बारा नळ्या हव्यात. पुन्हा पहिल्यापासून."

सातवी रात्री फुटली.
भट्टीचं दार समोरच्या कपाटात रुतलेलं,
फरशीभर काच.
मला वाटलं, सांधा माझाच कच्चा.
पहाटे पाहतो तर बाई गुडघ्यांवर,
हातात चिमटा, डोळ्याला भिंग,
काचेच्या चुऱ्यातून काहीतरी वेचताहेत.
तीन तासांनी सापडलं:
मिठाच्या कणाहून बारीक, मधाच्या रंगाचं.

त्याचीच फिल्म घेतली.
स्वीडनचा माणूस खरा होता.
जो ऑक्सिजन त्यांनी कागदावर जागेवर बसवला होता
तो भट्टीत जागा सोडून निघाला होता
आणि जाता जाता माझी नळी फोडून गेला होता.
"तुझा सांधा पक्का होता, डॉड," म्हणाल्या,
"कच्ची मी होते."
हे त्यांनी छापलंही, दोन पानांत,
पहिल्याच ओळीत स्वतःचं नाव घेऊन.
सांधा त्यात नव्हता. चालायचंच.

लोक अजून तीच दोन पानं मागतात म्हणे.
त्या रिकाम्या जागेतून म्हणे
बाकीचे अणू तापल्यावर सरकतात, वाट काढतात.
आता ओबिओरा नावाचा पोरगा
मशीनवर जेवणाआधी असं एक घर मांडतो
आणि जेवून येईपर्यंत दुसरं.
पोरगा चांगला आहे. नळ्या मात्र विकतच्या आणतो.

भाषणं संपल्यावर कोट घेताना
मी बाईंना माझा आकडा सांगितला.
एक बाही घातलेली, दुसरी लोंबत;
तशाच थांबल्या.
"फुटलेली धरून?"
धरून, मी म्हणालो.