तिसरा देश

नकाशा सारखा गुंडाळी होतो,
म्हणून चार कोपऱ्यांवर ठेवलंय:
मिठाची बाटली, पंक्चरचा डबा,
दीदार करीमचा फोन
आणि माझं हेल्मेट, पालथं.

फुजैराच्या जुन्या बाजारामागची चहाची टपरी.
तो लिफ्ट दुरुस्त करतो. मी सिमेंटच्या प्रयोगशाळेत
ठोकळे फोडते, किती दाबाला तडकले ते वहीत लिहिते.
सुट्टीच्या दिवशी पहाटे चारला, ऊन जागं व्हायच्या आत,
आम्ही सायकली घेऊन वादीत उतरतो.
वादी म्हणजे इथली कोरडी नदी.
फोनवर आईला ‘वाडी’ ऐकू येतं.
कुणाच्या वाडीला गं, एवढ्या पहाटे?

यंदा मात्र गवत असलेला डोंगर हवा.
पहिलं नाव त्यानं घेतलं. हुंझा.
‘ऑगस्टमध्ये या, छपरांवर जर्दाळू वाळत असतात,
माझी बहीण तुम्हाला…’
आणि वाक्य तिथेच ब्रेक लागून उभं राहिलं.

मग तू जुन्नरला ये, मी म्हटलं.
नाणेघाटात सायकल खांद्यावर घ्यावी लागेल.
वर एक दगडी रांजण आहे,
म्हणतात, त्यात जकातीचं नाणं टाकलं
की माणूस पलीकडे मोकळा.
‘कुठलाही माणूस?’
रांजणाला काय कळतंय.

चहा आला. दोघांनी साखर ढवळली,
ढवळलेलीच होती.

मग त्याचं बोट वर सरकलं. किरगिझस्तान.
तिथे त्याचं कुणी नाही, माझंही नाही.
तीन हजार मीटरवर एक तळं आहे,
त्याचं नाव मला तीनदा म्हणूनही जमेना.
त्याला पहिल्या खेपेलाच आलं,
आणि तो थोडा लाजला.

पुढचं सगळं सोपं. खोक्यासकट सायकल तेवीस किलो.
डावं पेडल उलट्या आट्याचं, विसरून जोर लावशील तर बसलंच.
एरवी दर वर्षी हे तेवीस किलो दुसऱ्यांचे असतात:
पिस्ते, टँगची पाकिटं, भाच्याचे बूट,
कोणाकोणाची अत्तरं, टॉवेलात गुंडाळून.
या वेळी चाकं. हवा काढलेली.
तीस दिवसांच्या रजेतले अकरा
मी कुणालाही न विचारता कापून घेतलेत,
घरच्यांना अजून आकडा एकोणतीस-तीस असाच ठाऊक आहे.

दीदारनं फोन उचलला. कोपरा सुटला,
नकाशा सरसर आत वळला,
तळं त्यात गेलं, हुंझाही, जुन्नरही,
आणि टपरीवाल्यानं त्या गुंडाळीला रबर लावून दिलं.

आईला काय सांगायचं ते ठरलंय.
या खेपेची वाडी
जरा लांबची आहे.